कुंडीला थंडी बाधली

कोल्हापूरकराला थंडी वाजते ती पेपर वाचल्यावर. तोवर तो पहाटे उठून, गार पाण्यानं अंघोळ करून, रंकाळ्याला एक फेरी मारून आलेला असतो. मग चहाबरोबर पेपर उघडतो, ‘पारा घसरला, जिल्हा गारठला’ असा मथळा दिसतो आणि आतल्या खोलीकडं बघून ओरडतो, “अगं, माझी कानटोपी कुठाय?”

आता हा पारा घसरून घसरून जातो कुठं? डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं पहाटेचं तापमान साधारण 14-15 अंशांच्या आसपास असतं. उत्तरेकडनं लाट आलीच तर आणखी चार अंश खाली. पुण्यानं 17 जानेवारी 1935 ला 1.7 अंश बघितलेत. मुंबईनं, त्या घामट मुंबईनंसुद्धा, 22 जानेवारी 1962 ला 7.4 अंशांची नोंद करून ठेवलीय. निफाडात तर डिसेंबर 2018 मध्ये पारा दोन अंशांच्याही खाली गेला. तिथले द्राक्षवाले असल्या रात्री बागेत शेकोट्या पेटवून घड राखत बसतात. या यादीत आमचा नंबर कुठंच लागत नाही. पण आमचं सगळंच लई भारी असतं, मग थंडी तेवढी मिळमिळीत कशी चालेल?

त्यात आम्ही शहराला खेटलेल्या उचगावचे. कोल्हापूरची महापालिका 1972 साली झाली. शहराची हद्दवाढ मात्र नुसती चर्चेत आहे, आणि चर्चा तापली की आमच्यासारखी गावं ‘आम्हाला शहर नको’ म्हणून रस्त्यावर येतात. थंडीनं आपली हद्दवाढ कुणाला न विचारता करून टाकलीय. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला रेल्वे, मधे उरलेसुरले उसाचे फड. मोकळ्यावरचं वारं थेट गच्चीवर येतं. तावडे हॉटेलच्या चौकात पहाटे पुण्याहून आलेली माणसं ट्रॅव्हल्समधनं उतरतात, उकडतंय म्हणून स्वेटर काढून हातात घेतात, आणि त्यांना न्यायला आलेला आमचा रिक्षावाला मफलरीतनं फक्त डोळे दाखवतो.

अशा गावात, बिल्डिंगच्या गच्चीवर, आमच्या बायकोच्या कुंड्या आहेत. हंगामी फुलझाडांच्या. पिटुनिया, झिनिया, कोलियस, सदाफुली, फुलांत फूल म्हणून दोन मिरच्या, आणि कठड्यापाशी तुळस. एका जानेवारीत लाट आली, आकाश निरभ्र, वारं झोंबरं. आणि एका सकाळी वर जाऊन बघतो तर कोलियसची पानं काळपट, ओलसर होऊन देठातनं लोंबत होती. झिनियाची तपकिरी पडली होती. सदाफुली पिवळी, मिरच्यांची पानं आत वळलेली. एकटी पिटुनिया टवटवीत होती, म्हणून तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

दुपारपर्यंत ‘वैनींच्या कुंड्यांना थंडी बाधली’ ही बातमी पार्किंगपर्यंत पोचली आणि संध्याकाळी भेटीची वेळ सुरू झाली. दवाखान्यात पेशंट असला की बघायला येणारा प्रत्येक माणूस एक नारळपाणी आणि एक उपचार घेऊन येतो, तसंच सगळं. फक्त इथं पेशंटला ‘नको’ म्हणता येत नव्हतं.

पहिले आले आण्णा. आण्णा पाटबंधारे खात्यातनं निवृत्त झालेत. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर आवर्तन सोडणे हा एकच उपाय त्यांना मान्य आहे.

“वैनी, पान खाली पडलंय म्हंजे झाड तहानलंय. साधा हिशोब हाय,” असं म्हणून त्यांनी कुणी काही बोलायच्या आत कुंडीमागं अर्धी बादली पाणी सोडलं. टेल-एंडपर्यंत, म्हणजे शेवटच्या तुळशीपर्यंत पाणी पोचलं याची खात्री केली आणि हात झटकून खाली गेले. दुसऱ्या दिवशी पान आणखी खाली आलं. मग आण्णांनी दुसरं आवर्तन सोडलं.

हिशोब साधा आहे खरा, पण उलटा आहे. माती गार पडली की मुळं पाणी ओढायची थांबतात. वर ऊन पडतं, पानातनं पाणी उडत राहतं, खालनं पुरवठा बंद. म्हणून पान मान टाकतं. माती ओलीगच्च असूनसुद्धा टाकतं. अशा वेळी वरनं बादल्या ओतल्या की मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि कुजतात. जमिनीतल्या झाडाचं एक बरं असतं, खालची माती दिवसाची ऊब धरून ठेवते. कुंडीला चारही बाजूंनी वारं लागतं. जे तापमान हवेचं, तेच थोड्या वेळात मुळांचं. त्यात गच्चीवर निरभ्र रात्र असली तर आणखी पंचाईत. ढग असले की ते उष्णता अडवून धरतात. मोकळ्या आकाशाखाली फरशी, कुंडी आणि पान सगळेच आपली ऊब वर सोडून बसतात. म्हणून छज्ज्याखालची कुंडी आणि कठड्यावरची कुंडी, दोन्ही एकाच गच्चीवर असून एकीला बाधतं आणि दुसरीला नाही.

हे सगळं आण्णांना सांगायचा प्रयत्न झाला. आण्णा म्हणाले, “मी पस्तीस वर्षं पाण्यात काढल्यात.” विषय संपला.

मग पैलवानमामा आले. मामांची कुस्ती सुटली त्याला बराच काळ झाला, खुराक सुटलेला नाही. त्यांनी सदाफुलीकडं असं बघितलं की तिला स्वतःचीच लाज वाटावी.

“अशक्तपणा हाय, वैनी. अंगात कायबी न्हाई पोरीच्या. खुराक द्या, आठ दिवसात उभी ऱ्हाती का न्हाई बगा.”

खुराक ते बरोबरच घेऊन आले होते. शेतातल्या उसाला टाकून उरलेला युरिया. मूठ भरली, मनानंच माप केलं आणि एकेका कुंडीला आशीर्वाद दिल्यागत टाकला. उसाच्या सरीला जी मूठ पुरते ती आठ इंची कुंडीला किती होते, हा त्रैराशिकाचा प्रश्न मामांच्या शाळेत शिकवायच्या आधीच मामा तालमीत गेले होते. ज्या मुळांना साधं पाणी ओढवत नाही, त्यांच्याभोवती खताचं खारं पाणी साठलं तर ते मुळांतलंच पाणी बाहेर काढतं. पानांच्या कडा करपतात. थंडीनं पडलेल्या झाडाला नवी पालवी फुटून ते चालतं होईपर्यंत खत म्हणजे नुसता जुलूम.

तिसरे मास्तर. मास्तरांच्या हातात कात्री होती आणि शिस्त डोक्यात. “जे वाळलं ते काढलंच पाहिजे. आळस नको.” त्यांनी कोलियसचे शेंडे उडवायला सुरुवात केली. वाळकी पानं दिसायला वाईट दिसतात हे कबूल. पण ती खालच्या डोळ्यांवर पांघरूण धरून असतात. आणि छाटणी केली की झाड जिवाच्या आकांतानं कोवळा फुटवा बाहेर काढतं. तो नेमका पुढच्या लाटेच्या तोंडी जातो. थंडी सरली असं नक्की झाल्यावर कात्री लावावी, तोवर नजरेला त्रास होत असेल तर नजर दुसरीकडं वळवावी. मास्तरांना हे सांगणार कोण? आमच्या बिल्डिंगमधली निम्मी जनता त्यांची माजी विद्यार्थी आहे.

चौथे आले दाजी. गांधीनगरात कापडाच्या दुकानात कामाला. त्यांच्या उपचारात तथ्य होतं: रात्री झाडावर कापड घालायचं. अडचण प्रमाणाची. गांधीनगरचा बाजार होलसेलचा. तिथं एक चादर मागितली तर दुकानदार आधी तुमच्याकडं आणि मग तुमच्या मागं टेम्पो उभा आहे का तिकडं बघतो. दाजींनी चादरींचा अख्खा गठ्ठा वर आणला. त्या रात्री आमच्या कुंड्या फुलाफुलांच्या डबल बेडशीटमधे झोपल्या आणि खाली तिसऱ्या मजल्यावरचे पाव्हणे सतरंजीवर. पण कापड पानाला टेकू न देता काटक्यांवर ताणायचं असतं आणि सकाळी ऊन आलं की काढायचं असतं, हा भाग दाजी विसरले. एका कुंडीवर तर त्यांनी चादरींची प्लॅस्टिकची पिशवीच उपडी घातली. दुपारी बारापर्यंत तिच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या. थंडी सोसलेली ती झिनिया जानेवारीत उष्माघातानं गेली.

शेवटी काकू. काकूंनी कुंड्यांकडं एकदाच बघितलं आणि निदान केलं, “नजर लागलीया. ह्यो थंडीचा परकार न्हवं.” त्यांनी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. पूर्वी त्या चुलीत टाकत. आता गॅसवर टाकल्या तर बर्नर चोंदतो, म्हणून काकूंनी त्या मिरचीच्या कुंडीत टाकल्या. मीठ कुंडीत गेल्यावर मिरचीचं काय होणार? ती गेली. पण मोहरी हे थंडीचं पीक. पुढं त्या कुंडीत मोहरी उगवली, ती मात्र जोमदार.

तुळशीचा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांचे आवाज खाली आले. कार्तिकात तिचं थाटामाटात लग्न लागतं आणि पुढच्या महिना-दोन महिन्यांत ती वाळायला लागते. याचं एक स्पष्टीकरण आमच्या आईकडं आहे, पण वडील समोर असताना ती ते सांगत नाही. झाडाचं स्पष्टीकरण सरळ आहे: मंजिऱ्या खुडल्या नाहीत की तुळस सगळी ताकद बी धरण्यात घालते, आणि त्याच सुमाराला दिवस लहान आणि रात्र गार झालेली असते. बी झालं, काम झालं. थंडी नुसती निमित्ताला.

इथं पिटुनियाला न्याय द्यायला हवा. हिवाळ्यात नर्सरीत जी हंगामी फुलझाडं मिळतात त्यांचे दोन तट असतात. पिटुनिया, पॅन्झी, डायन्थस, फ्लॉक्स, कॅलेंड्युला, अ‍ॅस्टर हा थंडी मानवणारा तट. कोल्हापूरची पहाट त्यांना सुखाची असते. त्यांचा शत्रू आहे एप्रिलचं ऊन. दुसरा तट मूळच्या उष्ण मुलुखातल्या पाव्हण्यांचा. झिनिया मेक्सिकोची, मिरची अमेरिका खंडातली, सदाफुली मादागास्करची, कोलियस आग्नेय आशियातला. यांना बर्फ पडायची वाट बघावी लागत नाही. पारा दहाच्या आसपास रेंगाळला तरी यांच्या पेशींची आवरणं ताठरतात, आतलं पाणी बाहेर झिरपतं आणि पान ओलसर काळं पडतं. म्हणजे एकाच गच्चीवर, एकाच पहाटे, एकाला हवापालट आणि दुसऱ्याला आजारपण. आमच्या सल्लागार मंडळानं दोघांना सरसकट एकच औषध दिलं. गुण-दोष न बघता.

थंडी म्हणजे काय, हे ठरवायचा अधिकार खरं तर आमच्या शेजारच्या वळिवड्यात येऊन राहिलेल्या माणसांना होता. दुसऱ्या महायुद्धात, 1943 ते 1948 या काळात, तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातल्या छळातनं सुटून, इराणमार्गे आलेली. पुढं त्याच जागी फाळणीनं घर सुटलेले सिंधी लोक आले आणि गांधीनगर उभं राहिलं. आज वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. या पोलिश लोकांत 12, 13 आणि 14 मे हे पांक्रात्सी, सेर्वात्सी आणि बोनिफात्सी या तीन संतांचे दिवस. त्यांना ते ‘थंड माळी’ म्हणतात. पंधरा तारखेला येते ‘थंड’ सोफिया. ही चौघं जाईपर्यंत हिमाची भीती असते, म्हणून तोवर नाजूक फुलझाडं घराबाहेर काढायची नाहीत, असा तिकडचा रिवाज. मे महिन्याच्या मध्यापर्यंत! सैबेरिया भोगून आलेल्या त्या बायकांनी जानेवारीतल्या पहाटे वळिवड्याच्या स्टेशनावर कानटोपी घालून कुडकुडणारे आमचे आजे-पणजे बघितले असतील, तेव्हा त्या काय म्हणाल्या असतील हे पोलिशमधेच राहिलेलं बरं.

आपल्याला चार संतांची गरज पडत नाही. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो आणि महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, एवढं आपलं वेळापत्रक. अमेरिकेतली मराठी घरं नोव्हेंबर ते एप्रिल तुळशीला दिवाणखान्यात आणून दिव्याखाली ठेवतात, वाढदिवसाला केक कापतात तितक्या नेमानं मंजिऱ्या खुडतात. उचगावकराला दोन हात अंतर कापावं लागतं: कुंडी कठड्यावरनं उचलायची आणि भिंतीशी ठेवायची.

तेच बायकोनं केलं, पण त्याआधी तिनं गच्चीला कुलूप लावलं. सगळ्यांना सांगितलं, “वर टाकीचं लिकेज काढायचं काम चाललंय.” आण्णा दोन वेळा जिन्यापर्यंत येऊन कुलूप हलवून गेले. मामांनी “युरिया बाधला न्हाई न्हवं?” असं खालनंच विचारलं. आता वर एकटी तीच जायची, आणि तीसुद्धा सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर.

तिची तपासणी बघण्यासारखी होती. आधी पहिलं बोट मातीत दोन पेरं खुपसायची. बोटाला ओल लागली की पाण्याचा मग तसाच परत न्यायचा. मग अंगठ्याच्या नखानं सदाफुलीच्या खोडाची साल तिळाएवढी खरवडायची. खाली हिरवं आणि ओलं निघालं की त्या फांदीला अभय. तपकिरी आणि कोरडं निघालं की आणखी दोन बोटं खाली जाऊन पुन्हा खरवडायचं. हिरवं जिथं लागतं तिथं दोरा बांधून ठेवायची. थंडी गेल्यावर कात्री तिथवरच चालवायची. एका कोलियसची कुंडी तिनं आडवी करून मातीचा गड्डा अलगद हातावर घेतला. मुळं पांढरी, टणक असायला हवीत. ती चॉकलेटी निघाली, चिमटीत धरली तर वरचं साल हातात आणि आतला दोरा तसाच, वर आंबूस वास. आण्णांची दोन आवर्तनं त्यात स्पष्ट वाचता येत होती. ती कुंडी बाद. ज्या कुंड्यांत मामांचा युरिया दिसत होता, तिथली वरची माती तिनं खरवडून काढली. सगळ्या कुंड्या दुपारभर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीशी, छज्ज्याखाली, एकमेकींना खेटून ठेवल्या. आणि माहेराहून, गडहिंग्लजच्या शेतातनं, उसाचं पाचट मागवून मातीवर अंथरलं. उसाच्या फडात पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा, असं कृषी खातं शेतकऱ्याच्या कानीकपाळी ओरडत असतं. ओल टिकते, मुळांना ऊब मिळते. शेतकऱ्यानं ऐकलं किंवा नाही, आमच्या कुंड्यांनी ऐकलं.

यापलीकडं तिनं काहीच केलं नाही. काही न करणं हा या सगळ्यातला सगळ्यात कठीण उपचार. मराठी माणसाला आजाऱ्यापाशी नुसतं बसता येत नाही, तो निदान उशी तरी सारखी करतो.

फेब्रुवारीत सदाफुलीच्या पेरांवर दोरा बांधलेल्या जागेखालीच हिरवे ठिपके दिसले. मास्तरांनी उडवलेल्या कोलियसच्या शेंड्यांपैकी दोन बायकोनं पाण्याच्या पेल्यात ठेवले होते, त्यांना मुळं फुटली. पिटुनिया तर कुंडी झाकून टाकायला निघाली. कुलूप निघालं आणि मंडळ पाहणी दौऱ्यावर आलं.

“पाणी भरपूर सोडल्यालं, म्हणून वाचली,” आण्णा म्हणाले.

“खुराक,” मामा म्हणाले.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मोहरीच्या कुंडीकडं हात केला.

झिनियांचा विषय मात्र कुणी काढला नाही. त्या गेल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर पिशवीत उकडली ती सोडून बाकीच्या जायच्याच होत्या. हंगामी झाड बी पडल्यापासून बी पडेपर्यंतच जगतं. फूल आलं, बी धरलं, की पान सुकतं. तिथं डॉक्टर काय करणार? तेरड्याचा रंग तीन दिवस, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. भाद्रपदात तेरडा पाणवठ्यावरनं वाजत-गाजत आणतो, गौर म्हणून पूजतो, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतो आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडून घरी येतो. कुणी म्हणत नाही, ‘थांबा, जरा युरिया टाकून बघू.’ नर्सरीतनं पैसे मोजून आणलेली झिनिया मात्र अमर व्हावी असं वाटतं. पैसे मोजले की माणसाला वॉरंटीची सवय लागते.

तेव्हा मंडळी, पुढच्या जानेवारीत गच्चीवरची कुंडी मान टाकून बसलेली दिसली तर आधी ती कुठल्या तटातली हे बघा. उष्ण मुलुखातली असेल तर भिंतीशी सरकवा, रात्री कापड आणि सकाळी ऊन द्या, पाणी बोट घालून मगच. खत आणि कात्री महाशिवरात्रीपर्यंत कपाटात. तरीही झाड गेलं तर त्याचं बी काढून ठेवा. झिनिया फेब्रुवारीच्या अखेरीला पेरली की उन्हाळ्यात फुलते. आणि शेजारी कुणाच्या कुंडीला थंडी बाधली असं कानावर आलं, तर कृपा करून बघायला जाऊ नका. गेलातच, तर रिकाम्या हातानं जा.